सुटण्याआधीच पोचलेली मास्तरीण

मामाची कबुतरं हरायची, यात कुणाला नवल वाटत नसे. बावीस वर्षं ती नेमाने हरत आली होती. शर्यतीचा निकाल लागला की कबूतर मंडळातले बाकीचे लोक कागद वरून खाली वाचत आणि मामा खालून वर वाचायचा, म्हणजे आपलं नाव लवकर सापडतं. असा हा सुखी माणूस. त्या रविवारी संध्याकाळीही त्याने सवयीप्रमाणे तळापासून सुरुवात केली आणि वाचत वाचत पार वरच्या ओळीपर्यंत पोचला. तिथे लिहिलं होतं : पहिली, मास्तरीण. लागलेला वेळ, उणे सात तास एकवीस मिनिटं.

म्हणजे मामाची कबुतरी शर्यत सुटायच्या सात तास आधीच घरी येऊन बसली होती.

मास्तरीण ही करड्या रंगाची मादी. चालताना मान अशी हलवायची, की जणू कुणाच्या तरी वह्या तपासते आहे आणि सगळी उत्तरं चुकलेली आहेत. बिचारीचा यात काहीच दोष नव्हता. शनिवारी संध्याकाळी इतर कबुतरांबरोबर ती टोपलीत बसली, ट्रकमधून दोनशे ऐंशी किलोमीटर लांब गेली, रविवारी सकाळी सातच्या ठोक्याला उडाली आणि सरळ मामाच्या गच्चीवरच्या ढाबळीत परतली. ढाबळीच्या दारात एक पाटी असते. कबुतराने तिच्यावर पाय ठेवला की त्याच्या पायातली कडी ओळखून शेजारची डबी वेळ टिपून घेते. संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या डब्या मंडळात आणायच्या, मग कच्चा निकाल लागतो. कुणाची ढाबळ किती लांब, तो हिशेब घालून पक्का निकाल मंगळवारच्या सभेत.

मंडळाचे चिटणीस दंतवैद्य होते. आठ वर्षं ओळीने त्यांचंच कबूतर पहिलं येत होतं. त्यांनी तो कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि मग मामाकडे बघितलं.

"तुमची कबुतरी आली तेव्हा तुम्ही ढाबळीपाशी होतात?"

"नव्हतो हो," मामा म्हणाला. "खाली बायकोचं शिवणयंत्र दुरुस्त करत होतो. वर गेलो तर ही आपली दाणे टिपत बसलेली."

"म्हणजे कुणीच बघितलं नाही."

"कुणीच नाही."

खोटं बोलायची अक्कल मामाकडे कधीच नव्हती. चिटणीसांनी सगळ्यांसमक्ष त्याची डबी पिशवीत घातली, पिशवीला चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही केली आणि ती आपल्या दवाखान्यातल्या कपाटात ठेवायला नेली. डबीशी छेडछाड केल्याचा संशय, असं त्यांनी वहीत लिहिलं. मंगळवारी सभा होईल आणि आरोप खरा ठरला तर सभासदत्व रद्द. बावीस वर्षं हरूनही ज्याची मान कधी खाली गेली नव्हती, तो माणूस त्या दिवशी खाली मान घालून घरी आला.

आता गंमत अशी की त्या डबीतला प्रोग्राम लिहिला होता मामाच्याच भाचीने. तिला सगळे मुंगी म्हणत. आकाराने लहान, सारखी कामात आणि कुणी बोट लावलं तर कडकडून चावणारी, त्यामुळे नाव अगदी शोभायचं. शाळेची वर्षं तिने मामाकडे काढली होती. पाढे शिकली तीही ढाबळीत कबुतरं मोजून. आणि जुनी किल्लीची घड्याळं सोडून मुंगीच्या डब्या घ्या, असं मंडळाच्या मागे लागून मामानेच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. तेव्हा "ही डबीच चुकली असेल" असं एक वाक्य मामाने रविवारी म्हटलं असतं, तर निदान शंकेला जागा झाली असती. तो चकार शब्द बोलला नाही. घरी येऊन मामीला मात्र बजावलं, "पोरीच्या कानावर घालू नकोस. तिच्या कामाला बट्टा लागेल."

मामीने हो म्हटलं आणि सोमवारी सकाळी साडेनऊला मुंगीला फोन लावला.

"तुझा मामा चहा पीत नाहीये," मामीने सुरुवातच अशी केली. मग सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी तुला काही सांगितलेलं नाही, बरं का."

मुंगीचं ऑफिस म्हणजे कुलपांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत ती बसायची आणि दुसरीत तिचा भागीदार तात्या. हा तात्या वयाने एकतीसच होता, पण मोकळ्या रस्त्यावरही दोन्हीकडे तीन-तीनदा बघून पलीकडे जायचा, म्हणून तात्या. मुंगीने त्याला सगळी हकीकत सांगितली आणि वर म्हणाली, "बोल आता. बोलून टाक."

"काय बोलू?"

"वर्षापूर्वी बोलला होतास तेच."

तात्या वर्षापूर्वी असं म्हणाला होता, की वेळ हा नुसता आकडा म्हणून ठेवू नकोस, वेळेसाठी स्वतंत्र टाइप कर. टाइप म्हणजे प्रोग्राममधली प्रत्येक किंमत कसली आहे, हे सांगणारा शिक्का. मुंगीने सगळ्या वेळा साध्या पूर्णांकात ठेवल्या होत्या. सेकंदांचा आकडा, झालं. आकडा म्हटलं की त्याच्याशी काहीही करता येतं. त्यात कबुतराच्या कडीचा नंबर मिळवला तरी प्रोग्राम हूं की चूं करत नाही. तेव्हा मुंगी हसून म्हणाली होती, "आकडा तो आकडा. त्याला कशाला नटवायचं?"

"मी काही बोलत नाही," तात्या म्हणाला. "खुर्ची घेऊन येतो."

खरं तर चूक शोधायचा सोपा रस्ता म्हणजे कुठे काय छापलंय ते बघत बसणं. पण सगळे आकडे दिसायला सारखेच. कुठला कशाचा, हे लिहिणाऱ्या मुंगीलाही आता सांगता येईना. तेव्हा तिने बाह्या सरसावल्या आणि तात्याचंच ऐकायचं ठरवलं. आधी शिक्के मारायचे, मग बघू कोण कुणात मिसळलंय.

डबीत दोन तऱ्हेच्या वेळा होत्या. एक भिंतीवरच्या घड्याळाची : रविवार, सकाळचे सात. तिला मुंगीने नाव दिलं घड्याळवेळ. दुसरी डबीची स्वतःची मोजणी. डबी सुरू झाली की शून्यापासून एकेक सेकंद मोजत सुटायची, बाहेर दिवस आहे की रात्र याच्याशी तिला देणंघेणं नाही. ती मोजवेळ. आणि दोन वेळांमधलं अंतर म्हणजे अवधी. मग तिने नियम घातले. घड्याळवेळेत अवधी मिळवता येईल. दोन घड्याळवेळांची वजाबाकी केली तर अवधी मिळेल. त्यांची बेरीज मात्र करता येणार नाही, कारण सकाळचे दहा अधिक दुपारचे चार याला काही अर्थ नसतो. मोजवेळ घड्याळवेळेत मिसळता येणार नाही म्हणजे नाही.

"आणखी एक," तात्या खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "डबी बंद होऊन परत सुरू झाली तर मोजणी पुन्हा शून्यापासून. प्रत्येक मोजवेळेवर बैठकीचा नंबर टाक. कितव्यांदा सुरू झाल्यानंतरची आहे ती."

"कोण बंद करतंय? सूचनापत्रात ठळक अक्षरांत लिहिलंय, शर्यत संपेपर्यंत डबी बंद करू नये."

"टाक गं नुसता."

तिने टाकला. आणि मग कंपायलर चालवला. कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. आकड्यांच्या राज्यात तो इतका भोळा होता की वर्षभर सगळं गिळत आला होता. शिक्के मारल्याबरोबर त्याला वाचा फुटली. एकामागून एक सदतीस तक्रारी त्याने पडद्यावर मांडल्या. इथे अवधी हवा होता, तुम्ही घड्याळवेळ दिलीत. इथे सेकंद की मिलिसेकंद ते बोला. मुंगी एकेक निस्तरत गेली. बहुतेक निरुपद्रवी होत्या, नुसता शिक्का मारायचा राहिलेला. आधी तिला राग येत होता, मग हळूहळू मजा वाटायला लागली. आपण न बघता ठेवून दिलेलं सगळं सामान कुणीतरी उचलून "हे कुणाचं?" असं विचारत होतं. तात्याने डबा उघडून अर्धा तिच्यापुढे सरकवला, तोही तिने न बघताच खाल्ला.

अडीचच्या सुमाराला एकतिसाव्या तक्रारीवर मुंगीचा हात थांबला.

कबुतराच्या येण्याची वेळ जिथे काढली जायची, नेमकी ती ओळ. शनिवारी डबी मंडळाच्या घड्याळाशी लावली तेव्हाची घड्याळवेळ, अधिक कबूतर आलं तेव्हाची मोजवेळ. कंपायलरचं म्हणणं, हे जमणार नाही. मोजवेळेतून आधी दुसरी मोजवेळ वजा करा, मग अवधी मिळेल, मग काय ती बेरीज करा. दुसरी मोजवेळ म्हणजे घड्याळ लावलं त्या क्षणाची. ती मुंगीने कुठे ठेवलीच नव्हती. घड्याळ लावलं की डबी आपोआप नव्याने सुरू व्हायची, म्हणजे तेव्हा मोजणी शून्य, म्हणजे ठेवायची गरज काय, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर होता. डबी मधे कुणी बंद करून सुरू केली नाही, तोपर्यंत.

मुंगीने तात्याकडे बघितलं. तात्या छताकडे बघत होता.

तिने फोन लावला.

"मामा, रविवारी सकाळी डबी बंद केली होतीस का?"

"छे छे! बंद कशाला करीन? तू लिहिलंयस ना, बंद करू नये म्हणून."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे नक्की. बंद केली आणि लगेच सुरू केली."

मुंगीने डोळे मिटून घेतले. "का, मामा?"

"रात्रभर जागी होती ना ती. म्हटलं, शर्यतीआधी जरा ताजीतवानी होऊ दे." मग त्याच्या ध्यानात आलं. "तुला कुणी सांगितलं? मामीने सांगितलं?"

मुंगी हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मामाने आयुष्यात जे काही विजेवर चालतं ते बंद करून सुरू केलं होतं. रेडिओ, पंखा, मामीचं शिवणयंत्र, स्वतःचा फोन. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आणि तरी तिने असा प्रोग्राम लिहिला होता, जो जगात मामा नावाचा माणूस नाही असं धरून चालत होता. रविवारी सकाळी साडेसहाला मोजणी शून्यावर आली, अकराच्या आसपास मास्तरीण आली आणि मधल्या साडेचार तासांची मोजणी डबीने घड्याळ लावलं त्या वेळेत, शनिवार संध्याकाळच्या सातमध्ये, नेऊन मिळवली. म्हणून ती शनिवारीच रात्री साडेअकराला पोचली.

"मुंगे," तात्या एकदम ताठ बसला. "डबी अजून चालू आहे का?"

एवढ्या एका प्रश्नात सगळं होतं. मास्तरीण आली तेव्हाची मोजवेळ डबीत होती. डबी अजून चालू असेल तर आत्ताची मोजवेळही तिच्यात होती, त्याच बैठकीतली. दोन्हींची वजाबाकी केली की ती किती वेळापूर्वी आली ते कळणार, आणि आत्ता किती वाजलेत ते प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आहे. पण डबी बंद झाली तर ती मोजणी गेली ती कायमची. मग मामाकडे नुसता शब्द उरणार, आणि त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? बॅटरी चालते दोन दिवस. शनिवार संध्याकाळपासून दोन दिवस म्हणजे आज संध्याकाळ, तीही बॅटरी नवी असेल तर.

दवाखान्याचा फोन कुणी उचलेना. दोघं तात्याच्या स्कूटरवरून निघाले. तात्याने प्रत्येक चौकात दोन्हीकडे तीन-तीनदा बघितलं, आणि प्रत्येक चौकात मुंगीला वाटलं की उतरावं आणि पळत सुटावं.

चिटणीसांच्या खुर्चीत एक धिप्पाड बस ड्रायव्हर आ वासून पडला होता, दोन्ही गालांत कापूस. मुंगी धापा टाकत आत शिरली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. चिटणीसांनी हातातला आरसा खाली ठेवला.

"म्हणजे आरोपीची भाची पुराव्याला हात लावणार," ते म्हणाले.

"मी बोटसुद्धा लावत नाही. मी इथे दारात उभी राहते. तुम्हीच लावा हात."

चिटणीस कडक होते, पण लबाड नव्हते. त्यांनी कपाट उघडलं. पिशवीच्या आतून लाल दिवा उघडझाप करत होता. मुंगीचा जीव टांगणीला लागला. बॅटरी सरत आल्याची ती खूण.

"याला साक्षीदार पाहिजे," चिटणीस म्हणाले. "तिऱ्हाईत."

ड्रायव्हरने खुर्चीतूनच हात वर केला.

मग त्याला फोनवरचं घड्याळ दाखवून हातात पेन्सिल दिली. चिटणीसांनी स्वतःची सही असलेली पट्टी स्वतः फाडली. डबीला दोन बटणं. डावं दाबलं की आलेल्या कबुतरांची यादी दिसते. मास्तरीण, मोजवेळ सोळा हजार सहाशे सत्त्याण्णव सेकंद. उजवं दाबलं की आत्ताची मोजणी पडद्यावर थिजते.

"आता!" चिटणीस ओरडले आणि त्यांनी उजवं बटण दाबलं. एक लाख एकवीस हजार तीनशे सत्तेचाळीस. ड्रायव्हरने औषधाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : चार वाजून बारा मिनिटं तीस सेकंद. आणि खाली उत्साहाने सहीसुद्धा ठोकली.

चिटणीसांनी वजाबाकी कुणाला करू दिली नाही. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यांनी ती स्वतः मांडली, एकदा केली, मग उलटी बेरीज करून पडताळली. एकोणतीस तास चार मिनिटं दहा सेकंद. तेवढे चार वाजून बारा मिनिटांच्या मागे गेले.

"रविवार," ते हळूच म्हणाले. "अकरा वाजून आठ मिनिटं वीस सेकंद."

"उं!" ड्रायव्हर म्हणाला. त्याला कबुतरांतलं काही कळत नव्हतं, पण आनंद झाला होता एवढं नक्की.

त्याची दाढ भरून होईपर्यंत लाल दिवा विझला होता.

मंगळवारी पाच वाजता मंडळाच्या हॉलमध्ये झाडून सगळे हजर. पहिल्या रांगेत मामा, इस्त्रीचा शर्ट घालून, शिक्षा ऐकायला आल्यासारखा. शेजारी मामी. मुंगीने घरी त्याला सगळं समजावलं होतं, पण त्याला एवढंच कळलं होतं की डबी आपण बंद केली आणि पोरीची मेहनत पाण्यात गेली.

चिटणीसांनी दवाखान्यातली हकीकत सांगितली, चिठ्ठी हातोहात फिरवली. छेडछाडीचा आरोप मागे घेतला आहे, असं ते म्हणाले तेव्हा मामीने पदराने डोळे टिपले. मग त्यांनी घसा साफ केला.

"तरीपण सूचनापत्रात स्पष्ट लिहिलं आहे की डबी बंद करू नये. सभासदाने ती बंद केली. तेव्हा वापरणाऱ्याची चूक अशी नोंद करू, ताकीद देऊ आणि विषय मिटवू. यात डबी बनवणाऱ्यांच्याही नावाला धक्का नाही."

"चालेल, चालेल," मामा उठून म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "लिहा माझीच चूक."

तात्याने मुंगीकडे बघितलं. त्यांच्या डब्या अकरा मंडळांमध्ये चालू होत्या. चिटणीस हात धरून सुटकेच्या दाराशी नेत होते, फक्त बाहेर पडायचं बाकी होतं. मुंगी उभी राहिली.

"नाही चालणार," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो कापतोय याचा तिला राग येत होता. "मला सगळ्यांना एकच विचारायचंय. शर्यत राहू दे, इतर कुठल्याही दिवशी, डबी बंद करून सुरू कुणीकुणी केली आहे?"

मग मागच्या रांगेत एक हात वर आला. मग खिडकीपाशी दोन. जो तो शेजाऱ्याकडे बघून हात वर करत गेला. चौदा हात झाले. आणि टेबलामागे, खांद्याच्या वर फारसा न जाणारा, चिटणीसांचा पंधरावा.

"सरावाच्या दिवशी," ते पुटपुटले. "एकदाच. दोनदा."

हॉलमध्ये असा हशा उसळला की बाहेरून जाणारे लोक आत डोकावले.

"बघा," मुंगी म्हणाली. "माणसं डबी बंद करून सुरू करणारच. मामा करतो, तुम्ही करता, मीही घरी करते. हे धरून प्रोग्राम लिहायचा असतो, आणि मी तो धरून लिहिला नाही. मी घड्याळातल्या वेळेत मोजणीतली वेळ मिळवली. दोन्ही माझ्या लेखी नुसते आकडे होते. आता तशी बेरीज लिहायला गेलं तर प्रोग्राम तयारच होत नाही. नवी डबी बंद होऊन सुरू झाली की आधी घड्याळ लावून मागेल, आणि कुणी लावलं नाही तर 'वेळ माहीत नाही' असं सांगेल. खोटी वेळ ती देणार नाही. चूक वापरणाऱ्याची नव्हती. चूक माझी."

ती खाली बसली. आता हे लोक डब्या परत करणार आणि मामाने बावीस वर्षांत कमावलेली एकमेव गोष्ट, माझी भाची हुशार आहे ही, तीही मी घालवली, असं तिला वाटलं.

चिटणीसांनी चष्मा काढून पुसला. "माहीत नाही असं म्हणणारं यंत्र मला चालेल," ते म्हणाले. "असं म्हणणारी माणसं मला फारशी भेटलेली नाहीत. डब्या राहतील." मग त्यांनी पक्क्या निकालाचा कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं कबूतर त्यांचं. दुसरं, तिसरं. "चौथा क्रमांक, मास्तरीण. दर मिनिटाला एक हजार एकशे सत्तावीस मीटर."

मामाला ऐकूच आलं नाही, कारण तो खालून वर ऐकायची वाट बघत होता. मामीने त्याला कोपराने ढोसलं. "अहो, चौथी!" तेव्हा कुठे तो उठला. लोक टाळ्या वाजवत होते, कुणी पाठीवर थापा मारत होतं. पण त्याचं लक्ष चिटणीसांच्या वहीकडे होतं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "चूक कुणाची ते लिहिलंत का?"

"लिहितोच आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याची."

"असं नाही!" मामा तरातरा टेबलापाशी गेला. "नाव लिहा. तिचं पूर्ण नाव लिहा, माझी भाची म्हणून लिहा. स्वतःची चूक स्वतः शोधली, स्वतः दुरुस्त केली आणि एवढ्या लोकांत उभी राहून स्वतः सांगितली. बावीस वर्षांत या वहीत असं एक तरी नाव आलंय? मोठ्या अक्षरांत लिहा!"

मुंगीने दोन्ही हातांत तोंड लपवलं. तिला लाज वाटत होती आणि इतकं बरं वाटत होतं की कुठे बघावं ते सुचेना.

चिटणीसांनी लिहिलं. मामाने वही आपल्याकडे फिरवून ती नोंद वरून खाली वाचली, आणि मग शेजारच्याला वाचायला दिली.